परसातलं गुऱ्हाळ : सफरचंदाच्या रसाच्या नोंदी

शनिवार, १४ सप्टेंबर २०२४

आई-आबा परवा आले, आता दिवाळी करूनच परत जातील. इथे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला सफरचंदांचा हंगाम नुकता सुरू झालाय. आमच्या घरापासून पाऊण तासावर वेन काउंटी लागते, तिथे ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठाने बागाच बागा आहेत. सरोवराचं गार पाणी वसंतात हवा लवकर तापू देत नाही, त्यामुळे कळ्या उशिरा फुटतात आणि मोहोर कडाक्याच्या थंडीतून वाचतो. म्हणून बागा काठ धरून आहेत.

सकाळी दुकानातून सायडर आणलं होतं. अमेरिकेत सायडर म्हणजे सफरचंदाचा न गाळलेला, गढूळ, गोड रस. इंग्लंडात त्याच शब्दाचा अर्थ दारू होतो, इथे दारूला ‘हार्ड सायडर’ म्हणतात. आबांनी दोन घोट घेतले, पेला उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, “ह्यो रस काढत्यात कसा? चरकातनं?”

गेली तीन वर्षं मी हा रस काढायचं यंत्र घरी करायचं म्हणतेय. आबांचं लहानपण करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळावर गेलं. रस, आच आणि काहील यातलं त्यांच्याइतकं जाणणारा माणूस मला इथे मिळणार नाही. ठरलं, यंदा करायचंच.

लक्ष्य ४० लिटर रसाचं. त्यातला थोडा आटवून दिवाळीच्या आधी काकवीसारखा पाक.

शुक्रवार, २० सप्टेंबर

रचना पक्की केली. कामं दोन, दळणं आणि दाबणं. ऊस चरकाच्या लाटांत नुसता चेपला तरी रस सोडतो. सफरचंदाचं तसं नाही. त्याचा रस बारीक बारीक पेशींत कोंडलेला असतो, आख्खं फळ कितीही दाबा, ते फुटून पसरतं, रस येत नाही. आधी लगदा करावाच लागतो.

दळायला स्वयंपाकघराच्या मोरीखाली बसवतात ते उष्टं-खरकटं दळणारं यंत्र घ्यायचं, अर्थातच नवंकोरं. स्वस्तातल्या यंत्रांत आतले भाग अॅल्युमिनियमचे असतात, सफरचंदाचं आम्ल ते खातं. आतून पूर्ण स्टेनलेस स्टीलचं पाऊण अश्वशक्तीचं मागवलं. सगळ्यात जास्त खर्च याचाच.

दाबायला लाकडी चौकट आणि त्यात गाडीचं चाक बदलताना लावतात तसला हायड्रॉलिक जॅक, सहा टनी. लगदा कापडात बांधून त्याच्या चौकोनी पुरचुंड्या करायच्या, दोन पुरचुंड्यांमध्ये पट्ट्यांची जाळी ठेवायची, अशी उतरंड रचून वरून दाब द्यायचा. जाळीमुळे रसाला प्रत्येक थरातून बाहेर पडायला वाट मिळते. नुसता एक मोठा गोळा दाबला तर कडेचा तेवढा सुकतो आणि मधला ओलाच राहतो.

पुरचुंडी २८ बाय २८ सेंटिमीटर. जॅकचा सगळा जोर लावला तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सात किलोचा दाब येईल. भरपूर झाला.

शनिवार, २८ सप्टेंबर

जाळ्या झाल्या. शेजारच्या आजोबांच्या अंगणातला ॲशचा वृक्ष गेल्या वर्षी पाडावा लागला. चमकत्या हिरव्या रंगाचा एक भुंगा या जातीची झाडं मारत सुटलाय, त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे करतात आणि झाडाचा अन्नरस तोडतात. त्या खोडाच्या फळ्या त्यांनी गॅरेजमध्ये वाळवत ठेवल्या होत्या, मला चार दिल्या. ॲशचं लाकूड कठीण, त्याला वास नाही. पाइन अजिबात चालत नाही, राळेचा वास रसाला लागतो. आणि बाहेरच्या कामासाठी औषध मुरवलेलं लाकूड तर खाण्याच्या वस्तूजवळही आणायचं नाही.

चार सेंटिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर जाड पट्ट्या, एका बाजूला उभ्या, दुसऱ्या बाजूला आडव्या, स्टेनलेस स्क्रूंनी जोडलेल्या. अशा सात जाळ्या. प्रत्येक पट्टीची कड आबांनी पॉलिश पेपरने गोल केली, नाहीतर कापड फाटतं. दोन दिवस ते गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून तेच करत बसले. बोटाने कड चाचपायची, खरखर लागली की पुन्हा घासायचं.

कापड पडद्याच्या पॉलिस्टरचं, झिरझिरीत, दोनदा उकळून घेतलं. सुती पंचा चालेल असं आई म्हणत होती, पण सुती कापड रस पितं आणि एवढ्या दाबाला टिकत नाही.

रस साठायला तळाशी माझी मोठी परात. तिला काठाजवळ भोक पाडायचं म्हटल्यावर आईचा जीव वरखाली झाला. “अगं, लग्नातली परात ती!” परात वाचवण्यासाठी अर्धा दिवस दुकानं पालथी घातली, पण इतक्या रुंद तळाचं आणि पूर्ण स्टीलचं दुसरं काही मिळेना. शेवटी आईनेच परात आणून हातात दिली. भोकाच्या कडा कानशीने घासून अन्न-दर्जाची नळी बसवली. परातीखाली जाड फळी आहे, तळ वाकणार नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर

पहिली चाचणी बिघडली.

दळणयंत्र अजून आलेलं नव्हतं म्हणून मॅकिंटॉश जातीची दहा किलो सफरचंदं मिक्सरमध्ये भरड करून घेतली. तीन पुरचुंड्या. जॅकचा दांडा हलवायला लागल्यावर आधी छान धार लागली. मग वरच्या तुळईने कमान धरली. मी तिथे दोन बाय चार इंची लाकूड आडवं, सपाट टाकलं होतं. जॅकची कांडी त्या मऊ लाकडात रुतली आणि रुपयाएवढा गोल खड्डा पडला. कांडी तिरकी झाली तशी सगळी उतरंड एका अंगाला कलली आणि वरची पुरचुंडी सटकून अंगणात पडली. मुलगा तेव्हा आत होता हे बरं. दाबाखाली असलेली वस्तू कुठे उडेल सांगता येत नाही.

रस निघाला ४.२ लिटर. वजनात पाहिलं तर ४४ टक्के. चोथा हातात घेऊन पिळला तर बोटांमधून पाणी येत होतं, आणि सालीसकट नखाएवढे तुकडे तसेच. म्हणजे चौकट सुधारली तरी दळण जाड असेपर्यंत रस आतच राहणार.

बुधवार, ९ ऑक्टोबर

तुळई बदलली. दोन बाय सहा इंची दोन फळ्या एकमेकींना बोल्टने जोडून उभ्या कडेवर बसवल्या. लाकडाची उंची दुप्पट केली की ते आठपट ताठ होतं, ही गोष्ट मला आधीच लक्षात घ्यायला हवी होती. कांडी जिथे टेकते तिथे एक सेंटिमीटर जाडीची लोखंडी पट्टी. चौकटीच्या आतल्या बाजूने दोन उभे खांब लावले, जाळ्या त्यांच्यामध्ये खालीवर सरकतात आणि कलत नाहीत.

आणखी एक धोका आबांनी दाखवला. जॅक वरून बसतो, त्याचं तेल गळलं तर थेट लगद्यात. आता जॅक खोलगट स्टीलच्या ताटात बसवलाय. ठिबकलं तरी ताटात राहील.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

दळणयंत्र परवा आलं. बाकाला भोक पाडून ते उलटं न करता मोरीला बसवतात तसंच बसवलं, खालच्या नळीच्या तोंडाशी बादली. वीज गळली तर क्षणात तुटणाऱ्या प्लगवरच जोडलंय, कारण हात ओले असणार. फळं ढकलायला लाटणं. हात आत घालायचा नाही, कुणीही, कधीही.

सकाळी पूजा केली. जॅक, ड्रिल, करवत, सुऱ्या आणि ते दळणयंत्र ओळीने मांडलं, हळदकुंकू लावलं. अंगणात झेंडू अजून फुललेला होता, त्याचा हार आईने चौकटीला बांधला.

मग २० किलो मॅकिंटॉश चिरून चार-चार फोडी केल्या आणि चालू केलं. लगदा असा पडला की बघत राहावं, शिऱ्यासारखा मऊसूत. पण आठ मिनिटांत यंत्र थांबलं. तापलं की ते आपोआप बंद पडतं, थंड झाल्यावर तळाचं लाल बटण दाबायचं. घरच्या वापरात ते मिनिटभर चालतं, सलग चालायला केलेलंच नाही. बाहेरून पंखा लावला आणि पाच मिनिटं दळण, दहा मिनिटं विश्रांती असा क्रम धरला. विश्रांतीत पुरचुंड्या बांधता येतात, त्यामुळे वेळ वाया जात नाही.

खरी अडचण दाबताना आली. मी दांडा भराभर हलवला आणि कापडाच्या विणीतून लगदाच बाहेर यायला लागला, सोऱ्यातून शेव पडावी तसा, बारीक तारांनी. परातीत रसाऐवजी चटणी. आबा उठून आले, माझ्या मनगटाला धरलं.

“थांब. चरकात एकदम पेंडी कोंबली की बैल हुबा ऱ्हातोय. दोन दांडं मार आन् हात काढ. रस आपसूक निथळू दे.”

जॅक सैल केला. कापडं खरवडून पुन्हा रचली. या वेळी अगदी पहिल्यांदा जॅक लावलाच नाही, उतरंडीच्या स्वतःच्या वजनानेच दहा मिनिटं रस गळू दिला. मग दोन दांडे, थांबायचं. धार थेंबांवर आली की पुन्हा दोन. घाईत दाबलं की कापडाला चिकटलेला लगदा गच्च होतो आणि आतल्या रसाची वाट तोच बुजवतो. हळू दाबलं तर आतल्या वाटा उघड्या राहतात. पाऊण तास लागला, पण कापडातून एक तारही बाहेर आली नाही.

११ लिटर. ५८ टक्के.

मोठे कारखाने लगद्यात भाताचं तूस मिसळतात, त्याच कारणाने, रसाला वाट राहावी म्हणून. आबांना ते ऐकून फार बरं वाटलं.

रविवार, १३ ऑक्टोबर

बागेत गेलो. झाडावरून तोडलेली फळंच घ्यायची, पडीची नाही, यावर मी अडून राहिले. पडीची निम्म्या दरात मिळत होती. पण बागांतून हरणं फिरतात, त्यांच्या लेंड्या त्याच गवतात असतात. १९९६ साली न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई-कोलाय जंतूची साथ पसरली होती, साठाहून अधिक लोक आजारी पडले आणि एक तान्ही मुलगी गेली. त्यानंतर इथे रसाचे नियम कडक झाले. आमच्या घरात सहा वर्षांचं मूल आहे आणि सत्तरी ओलांडलेली दोन माणसं. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

चार बुशेल घेतली. बुशेल म्हणजे साधारण १९ किलो, एकूण ७६. एकाच जातीचा रस सपक लागतो म्हणून मिसळ केली. वासासाठी मॅकिंटॉश आणि कॉर्टलँड, भर एम्पायरची. कॉर्टलँड आणि एम्पायर दोन्ही इथून तासाभराच्या आतल्या जिनिव्हा गावच्या संशोधन केंद्रातले संकर, दोन्हींचा एक पालक मॅकिंटॉशच. गोडीसाठी गोल्डन रसेट. हिची साल चिकूसारखी खरखरीत, तपकिरी, दिसायला काहीच नाही, आणि आत इतकी साखर की दात शिवशिवतात.

आंबटपणासाठी नॉर्दर्न स्पाय. ही इथलीच, आमच्या दक्षिणेला असलेल्या ईस्ट ब्लूमफील्डची. १८००च्या सुमारास कनेटिकटहून आणलेल्या बियांतून ते झाड उगवलं, पण फळ धरायच्या आधीच मेलं. त्याच्या मुळातून फुटलेले धुमारे कुणीतरी काढून लावले, त्यांना ही फळं आली. गाडीत मी हे सांगितल्यावर आबा मागच्या सीटवरून म्हणाले, “म्हंजे खोडव्याचं पीक.” मला इतकी वर्षं हे सुचलं नव्हतं.

फळं गॅरेजमध्ये सहा दिवस पसरून ठेवलीत. थोडी नरम होतात, उरलासुरला पिष्टमय भाग साखरेत उतरतो.

शनिवार, १९ ऑक्टोबर

पहाटे साडेसहाला सुरुवात, दिवे लावून. तीन टब पाणी, फळं तिन्हीतून फिरली. आई निवडायला. कीड लागलेला भाग कापून टाकला तर चालतं, पण सडकं फळ पूर्ण फेकायचं. सडक्या सफरचंदावरची निळसर बुरशी पॅट्युलिन नावाचं विष सोडते आणि ते तापवून जात नाही. वरून धडधाकट दिसणाऱ्या काही फळांचं बीजघर आतून काळं निघालं, म्हणून एकही फळ न चिरता घातलं नाही. नवरा दळायला, मी पुरचुंड्यांना, आबा जॅकवर. जॅक त्यांनी दिवसभर दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही.

एका वेळी सहा पुरचुंड्या, म्हणजे बरोबर एक बुशेल. साचा ठेवायचा, त्यावर कापड कोनात अंथरायचं, साडेचार सेंटिमीटर लगदा, तळहाताने कोपऱ्यांपर्यंत सारखा करायचा, कापडाची चार टोकं पाकिटासारखी दुमडायची, साचा काढायचा, वर जाळी. कोपरा रिकामा राहिला तर उतरंड तिकडे कलते, हे हाताला चौथ्या पुरचुंडीपर्यंत कळलं होतं. रस उतरला की उतरंड निम्म्यावर येते आणि जॅकची कांडी पुरत नाही, मग दाब सोडून ठोकळे भरायचे.

नळीतून पडताना रस हिरवट पिवळा असतो. पेल्यात धरून पाहता पाहता चहाच्या रंगावर येतो, हवेने. मुलगा हे बघायला प्रत्येक खेपेला धावत येत होता.

पहिली खेप ११.५ लिटर, दुसरी १२, तिसरी १२.२, चौथी १२.३. एकूण ४८. वजनात ६६ टक्के. घनतामापक १.०५२ दाखवतोय, म्हणजे शेकडा तेरा भाग साखर.

चोथा आता पापडासारखा कोरडा, हातात मोडतो. आबांनी एक तुकडा चघळून बघितला, थुंकला आणि मान डोलावली. चिपाड असंच चघळून बघायचे म्हणे, गोडी राहिली असेल तर चरकवाल्याची खरडपट्टी.

३० लिटर स्टीलच्या पातेल्यांतून ७१ अंशांपर्यंत तापवला, थर्मामीटर लावून. उकळू द्यायचा नाही, वास उडतो. गार करून बाटल्यांत, फ्रीझरसाठी वर दहावा हिस्सा रिकामा, गोठताना फुगतो. चार लिटर नवऱ्याने यीस्ट घालून तळघरात ठेवलाय, घरच्यापुरतं करायला इथे कायद्याची आडकाठी नाही. १४ लिटर उद्यासाठी.

रविवार, २० ऑक्टोबर

आज आबांचा दिवस.

अंगणात गॅसची मोठी शेगडी, तिच्यावर सरळ काठाचं स्टीलचं पातेलं. १४ लिटर रस बरोबर २८ सेंटिमीटर चढला. लाकडी उलथन्यावर दोन खाचा केल्या, एक २८ वर, एक ४ वर. सातास एक, न्यू इंग्लंडातले जुने शेतकरी असाच आटवत आलेत. साखर महाग होती तेव्हा हाच त्यांचा गोडवा होता.

नऊला आच दिली. अर्ध्या तासात तपकिरी फेसाचा जाड थर वर आला आणि आबा झारा घेऊन उभे राहिले. मळी काढायची त्यांची पद्धत मी पहिल्यांदा एवढ्या जवळून पाहिली. झारा बुडवायचा नाही, पृष्ठभागावरून आपल्याकडे ओढत आणायचा, काठाशी क्षणभर टेकवायचा, रस खाली गळला की मळी बाजूच्या वाडग्यात. त्यांच्या वडिलांच्या गुऱ्हाळात यासाठी रानभेंडीची साल ठेचून तिचा चिकट रस घालत. इथे लागली नाही, मळी नुसत्या आचेवरच सुटत होती.

दुपारपर्यंत रंग मधाचा झाला. दोनच्या पुढे बुडबुडे मोठे आणि आळशी. आबांनी मला शेगडी कमी करायला लावली आणि उलथनं तळाशी फिरवत ठेवलं. आता करपायला दोन मिनिटं पुरतात.

“ह्याची ढेप पडंल का?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, नाही पडणार. गुळाची ढेप धरते ती ऊसातल्या साखरेच्या कणांमुळे. सफरचंदात ती साखर थोडीच, जास्त करून फळातली दुसरी साखर, फ्रुक्टोज, तिला दाणा धरवत नाही. वर आम्ल असतं, ते थोडीफार जी असेल तीही फोडतं. अजून आटवलं तर जेली होईल, ढेप नाही.

ते बराच वेळ ढवळत राहिले. मग म्हणाले, “आमच्यातबी तोडून चार दिवस पडलेला ऊस आला की गूळ धरत न्हवता. चिक्कट व्हायचा. गुळव्याला शिव्या बसायच्या. त्येच आसंल.”

तेच. शिळ्या ऊसात हीच साखर फुटते. मी हे पुस्तकात वाचलं, आबांनी गुळव्याला शिव्या खाताना पाहिलं.

तीनला उलथन्याची खालची खाच उघडी पडली. थेंब थंड बशीत टाकला, बशी तिरकी केली, थेंब घरंगळला नाही, सावकाश ओघळला. काकवीसारखाच दिसतो, चवीला मात्र आंबटगोड, आणि शेवटी एक कडसर धार. दोन लिटर. पाव लिटरच्या आठ बाटल्या.

शनिवार, २६ ऑक्टोबर

तळघरातला जार बुडबुडतोय. चोथा कंपोस्टात टाकला, कोरडी पानं मिसळून, नाहीतर माशा येतात. जाळ्या गरम पाण्याने ब्रशने घासून सावलीत वाळवल्या. उन्हात ठेवलेली एक वाकली, ती बदलावी लागेल. पुढल्या वर्षासाठी: दळणयंत्र दोन हवीत, आलटून पालटून.

रविवार, ३ नोव्हेंबर, भाऊबीज

फराळात आईने शंकरपाळ्यांच्या पिठात साखरेच्या पाकाऐवजी हा पाक घातला. रंग गडद आला, आधी वाटलं जळाल्या. शेजारच्या आजोबांना डबा दिला तेव्हा जाळ्यांचं लाकूड त्यांचंच हे सांगितलं. ते गॅरेजमध्ये आले, एक जाळी उचलून तिची कड बोटाने चाचपली आणि आबांकडे बघून हसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही.

आई-आबांचं विमान गुरुवारी. दोन बाटल्या त्यांच्या बॅगेत. झाकणांवर टेप, मग प्लास्टिकची पिशवी, मग आईच्या नऊवारीच्या घडीत मधोमध. आबांना गावी चुलत्यांना चाखवायचाय. बाटलीवर काय लिहू विचारलं तर म्हणाले, “काय बी लिहू नगंस. आधी वळखू देत.”